पदवीच्या वर्गात निकालपत्र कधी येणार?

आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी लाखो मुले-मुली कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी कुठल्या ना कुठल्या वर्षी राज्यघटनेवर एखादा पेपर दिलेला असतो. घटना समितीचे अध्यक्ष कोण, मसुदा समितीत सदस्य किती, मूलभूत हक्क कोणत्या भागात आणि मार्गदर्शक तत्त्वे कोणत्या भागात, हे सारे पाठ करून त्यांनी उत्तरपत्रिकेत उतरवलेले असते. पण एकाही न्यायालयाचे एकही निकालपत्र त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेले नसते. केशवानंद भारती हे नाव त्यांना एका गुणाच्या प्रश्नापुरते ठाऊक असते. तो माणूस कोण होता, १९७३ साली तेरा न्यायमूर्ती कशासाठी बसले होते आणि त्यांचे सात विरुद्ध सहा असे दोन तट का पडले, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

ही स्थिती आम्हाला मान्य नाही. न्यायालयांचे निकाल मुळातून वाचणे, त्यांतली कारणे समजून घेणे आणि त्या कारणांशी वाद घालणे हा पदवीच्या प्रत्येक शाखेतील शिक्षणाचा सक्तीचा भाग असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आणि हे मागण्याची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल तर ती मुस्लिम समाजाला आहे.

आधी अभ्यासक्रमाचे बघू. घटना शिकवली जाते ती एखाद्या पूर्ण झालेल्या इमारतीच्या नकाशासारखी. इतकी कलमे, इतकी परिशिष्टे, इतक्या दुरुस्त्या. पण घटना रोज वापरली जाते, आणि ती वापरणारी माणसे साधी असतात. केरळातल्या एका शाळेत तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. कलम १९ आणि कलम २५ यांचा अर्थ ज्याला या खटल्यातून कळेल, त्याला ती कलमे पाठ करावी लागणार नाहीत. आमच्या बाजारगाइडांत मात्र कलमांचे आकडे असतात, माणसे नसतात.

एक गमतीची गोष्ट सांगतो. आज पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा पेपर द्यावा लागतो. तो कोठून आला? एम. सी. मेहता या वकिलांनी केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला. त्याची नीट अंमलबजावणी होईना, म्हणून २००३ साली पुन्हा बजावले, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी हा विषय सक्तीचा केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. म्हणजे न्यायालयाच्या निकालाने जन्माला आलेला एक पेपर आमची मुले देतात, त्यात उत्तीर्णही होतात, आणि तो निकाल त्यांच्यापैकी किती जणांनी वाचलेला असतो? नद्या, जंगले आणि ओझोनचा थर शिकवायचा, पण एका नागरिकाने अर्ज केला म्हणून हा विषय आपल्यापर्यंत पोचला हे सांगायचे नाही, असा हा कारभार आहे.

आता आपल्या घरात येऊ. मुस्लिम समाजाबद्दल या देशात गेली चाळीस वर्षे जे राजकारण चालले, त्याच्या मुळाशी एक निकालपत्र आहे. शाहबानो. हे नाव माहीत नाही असा सुशिक्षित माणूस सापडणार नाही. पण ते निकालपत्र वाचलेला माणूस शोधून दाखवावा. आम्ही सभांत, शिबिरांत, महाविद्यालयांत हा प्रश्न विचारत आलो आहोत. निकालाच्या बाजूने तावातावाने बोलणारे भेटतात, विरुद्ध बोलणारे भेटतात, वाचलेले क्वचित भेटतात.

त्या निकालात आहे काय? इंदूरच्या एका वकिलाने १९३२ साली लग्न केले. पाच मुले झाली. १९७५ साली त्याने बायकोला घराबाहेर काढले. १९७८ च्या एप्रिलमध्ये तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना पाचशे रुपये पोटगी मागितली. त्या कलमाची तेव्हाची कमाल मर्यादाच पाचशे होती. नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि आता आपली जबाबदारी संपली असे सांगितले. दंडाधिकाऱ्याने तिला महिना पंचवीस रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० साली ते वाढवून १७९ रुपये २० पैसे केले. या रकमेविरुद्ध तो वकील सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचे अपील फेटाळले. सारा देश ज्यावर पेटला तो निकाल महिना १७९ रुपये २० पैशांचा होता.

निकालाचा आधार अगदी सरळ होता. कलम १२५ हे निराधार पत्नी, मुले आणि आईवडील यांना उपासमारीपासून वाचवण्यासाठी आहे, ते सर्व धर्मीयांना सारखेच लागू आहे, आणि त्या कलमातच 'पत्नी' या शब्दात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता धरलेली आहे. एवढ्यावर निकाल पूर्ण होत होता. त्यापुढे न्यायमूर्तींनी समान नागरी कायद्याविषयी काही मते मांडली. ती निकालासाठी आवश्यक नव्हती. कायद्याचा प्राथमिक विद्यार्थीसुद्धा निर्णयाचा आधार आणि ओघात आलेले मत यांत फरक करायला शिकतो. १९८५-८६ साली हा फरक करणारी पदवीधर पिढी आपल्याकडे असती, तर त्या मतावर टीका करूनही त्या म्हातारीच्या पोटगीच्या बाजूने उभे राहता आले असते. झाले उलटे. एका बाजूचे लोक त्या मताच्या बचावासाठी धावले, दुसऱ्या बाजूचे लोक त्याच्यावर तुटून पडले, आणि ज्या बाईचा खटला होता तिचे १७९ रुपये दोघांच्याही हिशेबातून गेले.

पुढचे तर आणखी थोड्यांना ठाऊक आहे. १९८६ साली संसदेने मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. त्याने शाहबानोचा निकाल पुसला गेला अशी समजूत रूढ झाली, आणि आजही मोहल्ल्यात ती तशीच आहे. पण त्या कायद्यातल्या शब्दांचा न्यायालयांनी काय अर्थ लावला? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात सांगितले की, नवऱ्याने वाजवी आणि न्याय्य तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची आहे, पण ती तरतूद केवळ इद्दतीपुरती नव्हे. तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून ती झाली पाहिजे. हे डॅनियल लतीफी म्हणजे शाहबानोचे वकील. मग १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या एका खटल्यात स्पष्ट केले की, १९८६ चा कायदा असला तरी कलम १२५ चा मार्ग घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला बंद झालेला नाही.

आता विचार करा. एखाद्या मुलीला तलाक मिळतो. जमातीची चार माणसे बसतात, मेहेर आणि तीन महिन्यांचा खर्च हातावर ठेवतात आणि शरियतनुसार एवढेच निघते असे सांगून मोकळी होतात. त्या बैठकीत मुलीचा भाऊ असतो, तो बी.कॉम. असतो. चुलतभाऊ असतो, तो बी.एस्सी. असतो. पंचांना उत्तर देण्याइतके ज्ञान दोघांकडेही नसते. त्यांच्या पदवीने त्यांना ताळेबंद शिकवला, आम्ल आणि अल्कली शिकवले, पण बहिणीच्या हक्काचे चार निकाल शिकवले नाहीत. मुलगी स्वतः पदवीधर असली तरी तीच गत. ही पदवी मग कोणाच्या कामाची?

आपल्याच राज्यातला आणखी एक निकाल आहे. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने दगडू पठाण खटला निकालात काढला. बायको पोटगी मागायला आली की नवरा कैफियतीत लिहून देई, मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे. पूर्णपीठाने म्हटले, असे नुसते लिहून भागणार नाही. तलाक खरोखर दिला होता का, त्याला कारण होते का, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला होता का, हे सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा धरली. २०१७ च्या शायराबानो निकालाच्या आधी पंधरा वर्षे हे घडले होते. तिहेरी तलाकवर दूरचित्रवाणीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मराठवाड्यातल्या या निकालाची आठवण किती वेळा झाली?

खुद्द शायराबानो निकाल वर्गात वाचला तर काय दिसेल? पाच न्यायमूर्तींनी तीन निकालपत्रे लिहिली. दोघांनी सांगितले की ही प्रथा उघड मनमानी आहे म्हणून कलम १४ ला धरून नाही. एकाने सांगितले की जे कुराणाच्या शिकवणीविरुद्ध आहे ते शरियत होऊ शकत नाही. उरलेल्या दोघांनी सांगितले की व्यक्तिगत कायद्याला कलम २५ चे संरक्षण आहे, बदल करायचा तर संसदेने करावा. मुस्लिम समाजात या प्रश्नावर जी तीन मते आहेत, जवळपास तीच तीन मते सर्वोच्च न्यायालयात निघाली. आपल्या मुलांना हे समजले तर मतभेद म्हणजे गद्दारी नव्हे, हेही समजेल.

आणखी एक खटला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, हे तत्त्व कोणी मांडले? मुस्लिमांच्या हट्टाने ते आले असे समजणारे पुष्कळ आहेत. ते आले १९५१ साली, मुंबई उच्च न्यायालयात, 'मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी' या खटल्यात. प्रश्न होता हिंदूंच्या द्विभार्येचा. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्याने हिंदूला दुसरे लग्न करण्यास बंदी केली होती. मुस्लिमाला मुभा आणि आम्हाला बंदी हा भेदभाव आहे, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळून कायदा वैध ठरवला, आणि ओघात व्यक्तिगत कायदे कलम १३ मधल्या 'कायदे' या शब्दात येत नाहीत असेही म्हटले. न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला आणि साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. हा इतिहास मुंबईत, मराठी मुलखात घडला आहे आणि मुंबईच्या पदवीधराला तो ठाऊक नाही.

न वाचण्याची किंमत राजकारणातही मोजावी लागते. २०१४ साली राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतील मागास घटकांना पाच टक्के आरक्षण दिले. 'कोर्टाने आमचे आरक्षण घालवले' हे वाक्य आम्ही असंख्य तरुणांच्या तोंडून ऐकले आहे. वस्तुस्थिती काय? मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शासकीय शिक्षणसंस्थांतील पाच टक्के चालू राहू दिले. अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर विधिमंडळात व्हायला हवे होते. ते झाले नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. म्हणजे जाब विचारायचा होता विधानभवनाला आणि आपण शिव्या दिल्या न्यायालयाला. अंतरिम आदेश वाचता येणारी शे-दोनशे मुले जिल्ह्याजिल्ह्यात असती तर मोर्चाची दिशा चुकली नसती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्राध्यापकांचा. कायदा शिकायचा तर विधी महाविद्यालयात जावे, तीन वर्षांच्या सामान्य पदवीवर हे ओझे कशाला? सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर आणि पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते. त्यांतले विधी महाविद्यालयापर्यंत किती पोचणार? आमच्या बहुतेक मुलामुलींसाठी पदवीचा वर्ग हाच शेवटचा वर्ग असतो. तेथे जे मिळाले नाही ते पुढे मिळत नाही. आणि आम्ही कोणाला वकील करायला सांगत नाही. आरोग्य शिकल्याने कोणी डॉक्टर होत नाही, पण ताप कधी अंगावर काढू नये एवढे कळते.

दुसरा आक्षेप भाषेचा. वरिष्ठ न्यायालयांचे निकाल इंग्रजीत, तेही बोजड इंग्रजीत. हा आक्षेप पूर्वी खरा होता. घटनेच्या कलम ३४८ मुळे वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे आणि अस्सल निकाल आजही त्याच भाषेत असतो. पण २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल विनामूल्य खुले केले आहेत आणि अनेक निकालांचे मराठीसह भारतीय भाषांत अनुवाद उपलब्ध करून दिले आहेत. अनुवाद कोठे अडखळतो, तेथे शिक्षकाने समजावून द्यावे. तेवढ्यासाठीच तर शिक्षक असतो.

तिसरा आक्षेप प्राचार्यांचा आणि तो खरा आक्षेप आहे, कारण तो भीतीपोटी आहे. असे विषय वर्गात काढले तर मुले भांडतील, संघटना येतील, वर्तमानपत्रात नाव येईल. आम्ही विचारतो, मुले या विषयांवर आज भांडत नाहीत काय? मोबाइलवर रात्रंदिवस भांडतात, अर्धवट ऐकून भांडतात, दुसऱ्याने पाठवलेल्या खोट्या मजकुरावर भांडतात. वर्गात समोर निकालपत्र असेल, परिच्छेदाचा क्रमांक सांगून बोलायचे बंधन असेल, तर तेच भांडण वादविवाद होईल. २०२४ साली चेंबूरच्या एका महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी हिजाबबंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या, तेथे हरल्या, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. हिजाबबद्दल कोणाचे मत काहीही असो. आमचेही सर्वांचे एक नाही. पण पदवीच्या मुली स्वतः याचिकाकर्त्या होऊ शकतात आणि त्यांच्या वर्गात त्यांच्याच खटल्याचा आदेश वाचला जाऊ शकत नाही, हे कसले शिक्षण?

चौथा आक्षेप आपल्यातलाच. न्यायालये आपल्याला न्याय देत नाहीत, त्यांचे निकाल वाचून काय करायचे? या आक्षेपामागचे दुःख आम्ही जाणतो. पण निकाल वाचणे म्हणजे निकालापुढे मान तुकवणे नव्हे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी मुलीवर १९७२ साली पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी तो निकाल बारकाईने वाचला आणि १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून त्यातली प्रत्येक चूक दाखवली. त्या पत्राने देशभर स्त्रियांची चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. ज्यांना निकालाचा राग येतो त्यांनी तर तो सर्वांत आधी वाचला पाहिजे.

आणि न्यायमूर्ती कोणत्या धर्माचा यावरून निकाल ओळखणाऱ्यांनी १९७६ चा आणीबाणीचा खटला वाचावा. अटकेतल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी ठरवले. त्या चारांत न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग होते आणि न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला, आणि त्याची कारणे लिहिली यशवंतरावांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. म्हणजे अल्पमतात पडलेले एकट्याचे म्हणणे एक्केचाळीस वर्षांनी न्यायालयाने उचलून धरले. अल्पसंख्य समाजातल्या मुलांनी शिकावा असा याहून मोठा धडा कोणता?

तेव्हा आमच्या मागण्या अशा. पदवीच्या प्रत्येक सत्रात किमान एक निकालपत्र मूळ स्वरूपात वाचले जावे. फार लांब असेल तर वीस-पंचवीस पानांचा उतारा घ्यावा, पण सारांश नको. न्यायालयात कोण आले, काय मागितले, खालच्या न्यायालयात काय झाले, कोणते कलम लागले आणि कोणत्या कारणाने निर्णय झाला, ही पाच उत्तरे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावीत. जेथे अल्पमताचा निकाल आहे तेथे तो वगळू नये. परीक्षेत तारखा विचारू नयेत, निकालाच्या बाजूने किंवा विरुद्ध कारणे मागावीत. तालुका न्यायालयात एक दिवस मुलांना नेऊन बसवावे. तेथील कामकाज मराठीत चालते, ते समजायला कोणाची मदत लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मूल्यशिक्षणाच्या सदराखाली घटनेला जी थोडी जागा मिळाली आहे, ती भाषणांनी न भरता या कामासाठी वापरावी.

ज्या संस्था मुस्लिम समाजाने काढल्या आहेत, घटनेच्या कलम ३० च्या हक्काने चालवल्या आहेत, त्यांनी तर विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. अल्पसंख्याक दर्जाचा दाखला कार्यालयाच्या भिंतीवर लावायचा आणि त्या कलमाचा अर्थ सांगणारा २००२ चा अकरा न्यायमूर्तींचा निकाल ग्रंथालयातही ठेवायचा नाही, हे शोभत नाही. कुराणाची पहिली आज्ञा वाचनाची आहे, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. मग ज्या कागदांवर आपल्या लेकींची पोटगी, आपल्या मुलांचे प्रवेश आणि आपल्या संस्थांचे हक्क लिहिले आहेत, ते कागद वाचायला कोणी मनाई केली आहे?

दरवर्षी २६ नोव्हेंबरला महाविद्यालयांच्या पटांगणांत उद्देशिका एका सुरात म्हटली जाते. ती जरूर म्हणावी. पण त्याच दिवशी वर्गात जाऊन एक निकालपत्रही उघडावे. येत्या जूनपासून हे ज्या महाविद्यालयात सुरू होईल, तेथे निकालांच्या प्रती पोचवण्याची आणि पहिल्या काही तासांना येऊन बसण्याची आमची तयारी आहे. प्राचार्यांनी फक्त वर्ग उघडून द्यावा.